बंबाचा घसा का बसला?

नरक चतुर्दशीची पहाट. साडेचार वाजलेले. अंगणात पणत्या, हवेत उटण्याचा वास, आणि अंगाला तेल चोपडून कुडकुडत उभी असलेली आम्ही सात माणसं. सगळ्यांचे डोळे परसातल्या बंबाकडे लागलेले. आणि बंब काय करत होता? खोकत होता!

हसू नका. माझ्या मामांच्या घरचा हा तांब्याचा बंब एरवी अगदी शहाण्यासारखा वागतो. चार बुरकुंडं टाका, वर लाकडाच्या ढलप्या टाका, काडी लावा. थोड्याच वेळात तो 'हूऽऽऽ' असा एकसुरी आवाज काढायला लागतो आणि मग पाणी तापलंच म्हणून समजा. (बुरकुंड म्हणजे दाणे काढून घेतलेलं मक्याचं कणीस. शहरातल्या मुलांसाठी सांगितलं.) त्या दिवशी मात्र 'हू' नाही की 'फू' नाही. वरून आळसावलेला पिवळट धूर, खालून पण धूर, आणि मधे जाळ म्हणाल तर लालसर डोळा किलकिला करून पडलेला. मामा फुंकणीने फुंकून फुंकून लाल झाले. बंब नाही झाला.

मामी ओट्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "घसा बसलाय त्याचा. झाडाया पायजे व्हता."

मामा म्हणाले, "झाडला की काल! चिंच लावून घासला, तोंड दिसतंय त्यात."

"तुमी वरनं घासला. आत कोन बघनार?"

मामा गप्प. आम्ही सगळ्यांनी गॅसवर तापवलेल्या पातेल्यातल्या पाण्याने आंघोळी केल्या. सातव्या माणसाचा नंबर लागला तेव्हा चांगलं उजाडलं होतं. तो सातवा माणूस मी.

आता आधी मामांचं गाव शेळगाव, ते कुठे ते सांगतो. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात. तुकाराम महाराजांच्या पालखीच्या वाटेने अंथुर्ण्याहून निमगाव केतकीकडे निघालात की शेळगाव फाटा लागतो. सगळा मुलूख उसाचा, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला. इथे जळणाला तोटा नाही. उसाचं पाचट आहे, तुराट्या आहेत, शेणी आहेत, आणि बांधाबांधावर माजलेली वेडी बाभळ तर विचारू नका. त्यामुळे घरात गॅस आला, गच्चीवर सोलर आलं, तरी परसातला बंब काही घरांनी सोडलेला नाही. दिवाळीत तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंब उघडायचं ठरलं. मदतीला मामांची सहावीतली नात आणि तिचा धाकटा भाऊ. या नातीला आम्ही प्रश्नपेटी म्हणतो. तिने पहिला प्रश्न बंब उघडायच्या आधीच टाकला. "काका, आग लागल्यावर येतो तोही बंब आणि आग लावून पाणी तापवतो तोही बंब. असं कसं?"

बघा, मी इतकी वर्षं दोन्ही बंब बघतोय, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तर हा शब्द पोर्तुगीज भाषेतल्या 'बोंबा' या शब्दावरून आला असं मानतात. बोंबा म्हणजे पंप. पाण्याचं मोठं नळकांडं म्हटलं की बंब, मग ते आग विझवणारं असो की आग पोटात घेऊन बसणारं.

आणि आपला बंब खरोखरच आग पोटात घेऊन बसतो. त्याची रचना फार मजेदार आहे. बाहेरून तांब्याची गोल टाकी. तिच्या बरोबर मधून, खालपासून वरपर्यंत, आरपार जाणारी एक जाड नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. पाणी टाकीत, म्हणजे नळीच्या चारही बाजूंना. जाळ नळीत. चुलीवर पातेलं ठेवलं की जाळ फक्त बुडाला लागतो, उरलेला जाळ बाजूने निसटून जातो. इथे जाळाला निसटायला वाटच नाही. जाईल तिकडे पाणी!

काश्मीरचा चहाचा सामोवार असाच असतो, रशियाचाही. मधे निखाऱ्यांची नळी, भोवती पाणी किंवा चहा. आणि जुनं वाफेचं रेल्वे इंजिन? तेही बंबाचंच मोठं भावंड. फरक इतकाच, की बंबाच्या पोटात एक नळी आणि इंजिनाच्या पोटात कितीतरी बारीक नळ्या. दौंड ते बारामती पूर्वी जी छोटी रेल्वे धावायची, तिच्या वाफेच्या इंजिनातही विस्तव नळ्यांतून जायचा आणि पाणी नळ्यांच्या भोवती उकळायचं. म्हणजे आमच्या मामांच्या परसात चाकं नसलेलं इंजिन उभं आहे म्हणा ना!

"मग ते हू करतं ते शिट्टी आहे का?" धाकट्याने विचारलं.

नाही. तो बंबाचा श्वास. गरम झालेली हवा फुगते आणि हलकी होते. किती हलकी? साधारण ३०० अंश सेल्सिअसला तापलेली हवा घेतली, तर तिचं वजन तेवढ्याच जागेतल्या गार हवेच्या जवळपास निम्मं भरतं. अशी हलकी हवा नळीतून वर पळते. ती वर गेली की खाली जागा रिकामी होते. रिकाम्या जागेत जाळीच्या भोकांतून बाहेरची गार हवा घुसते. ती ताजी हवा विस्तवाला मिळते, विस्तव आणखी भडकतो, आणखी हवा तापते, आणखी वर पळते. एकदा हे चक्र सुरू झालं की फुंकणीची गरजच राहत नाही. बंब आपला आपण श्वास घेतो.

नळी जितकी उंच, तितका हा ओढा जास्त. गुऱ्हाळावर गेला असाल तर चुलाणाच्या मागे उंच धुराडं पाहिलं असेल. ते फक्त धूर लोकांच्या नाकापासून लांब सोडायला नसतं बरं का. चुलाणात हवा ओढून घ्यायचं कामही तेच करतं.

आता आलं का लक्षात, बंबाचा घसा बसला म्हणजे काय झालं? श्वासाची वाट कुठेतरी अडली होती. कुठे, ते बघायला आम्ही जाळी काढली.

काढली म्हणजे मामांनी काढली. हे काम मोठ्या माणसांचं, आणि तेही बंब गार झाल्यावरच. गार म्हणजे हात लावून गार वाटतो तेवढा नाही. राखेच्या खाली निखारा कित्येक तास जिवंत राहतो. राख ही निखाऱ्याची गोधडी असते! पूर्वी आगपेटी महाग होती तेव्हा बायका रात्री चुलीतला निखारा मुद्दाम राखेत पुरून ठेवायच्या आणि सकाळी त्यावरच चूल पेटवायच्या. म्हणून आम्ही आदल्या पहाटेपासून दुसऱ्या दुपारपर्यंत थांबलो होतो.

जाळी बाहेर आली आणि प्रश्नपेटी ओरडली, "ई! यात तर मातीच आहे!"

खरंच होती. कुंभारीण माशीने, तीच ती बारीक कमरेची, भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे छोटे माठ बांधणारी, तिने उन्हाळ्यापासून रिकाम्या पडलेल्या बंबात संसार थाटला होता. जाळीची चार भोकं तिने लिंपून टाकली होती. उरलेल्या भोकांत गेल्या हिवाळ्याची राख ओल धरून घट्ट बसली होती. तर नाकपुड्या अशा बंद. आणि वर नळीत बॅटरीचा उजेड टाकला, तर नळीला आतून काळं मखमली अस्तर! मामांनी काठीने टोकरलं. फतकन एक काळा पापुद्रा सुटला आणि धाकट्याच्या नाकावर उतरला.

हीच ती काजळी. आता खरी गोष्ट इथे सुरू होते.

काजळी म्हणजे काय? आपण म्हणतो घाण. ती घाण नाही. ते न जळलेलं लाकूड आहे. म्हणजे लाकडातला जो कार्बन जळून उष्णता द्यायला हवा होता, तो पुरेशी हवा न मिळाल्यामुळे अर्धवट राहिला, आणि वर जाता जाता गार भिंतीला चिकटून बसला. तिकीट काढलं, गाडीत बसले, आणि मधल्याच स्टेशनावर उतरून पडले, असे हे प्रवासी.

लाकूड पेटतं तेव्हा खरं तर लाकूड थेट पेटतच नाही. तापल्यावर त्यातून जळाऊ वाफा आणि वायू निघतात, आणि ज्वाळा त्या वायूंची असते. हवा भरपूर असेल, आच चांगली असेल, तर हे वायू पूर्ण जळतात. हवा कमी पडली, किंवा जाळ गार राहिला, की तेच वायू धूर होऊन निघून जातात. धूर म्हणजे पळून चाललेलं जळण!

विश्वास बसत नाही? मग मोठ्या माणसाला शेजारी बसवा आणि एक मेणबत्ती पेटवा. दोन मिनिटं जळू द्या, मग फुंकर मारून विझवा. वातीतून पांढऱ्या धुराची बारीक रेघ वर चढेल. पेटती काडी वातीला न लावता, वातीच्या वर बोटभर अंतरावर, त्या रेघेला लावा. आग रेघेवरून सुर्रकन खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. तो पांढरा धूर म्हणजे मेणाचीच वाफ होती. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे नावाच्या थोर शास्त्रज्ञाने १८६० सालच्या नाताळच्या सुट्टीत मुलांसमोर सहा व्याख्यानं दिली, सगळी फक्त एका मेणबत्तीवर. सहा! त्यातही हा धुराचा खेळ होता. हा माणूस लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचा, आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचून काढायचा.

मेणबत्तीची ज्योत पिवळी दिसते तीसुद्धा काजळीमुळेच. ज्योतीच्या आत कार्बनचे बारीक कण तापून उजळतात, म्हणून पिवळा प्रकाश. तिथेच जळून गेले तर ठीक. मधे चमचा धरलात तर चमचा काळा. गॅसच्या शेगडीची निळी ज्योत बघा, तिला हवा आधीच मिसळून मिळालेली असते, म्हणून ती भांडं काळं करत नाही. तुमच्या घरी शेगडी पिवळी जळायला लागली आणि पातेल्यांची बुडं काळी व्हायला लागली, तर समजा तिचाही घसा बसलाय.

काजळीचा एक कण किती मोठा? केसाच्या जाडीत असे हजाराहून जास्त कण शेजारी शेजारी मांडता येतील. हे कण एकमेकांना चिकटून झुबके होतात, आणि झुबक्यांच्या मधे हवा अडकते. पिंजलेल्या कापसासारखं. आता विचार करा, गोधडीत कापूस का भरतात? अडकलेली हवा उष्णता जाऊ देत नाही म्हणून. मग नळीला आतून काजळीचं अस्तर म्हणजे काय झालं? जाळाने बंबाच्या पोटातच गोधडी पांघरली! तांबं बिचारं उष्णता वाहण्यात पटाईत. स्टेनलेस स्टीलपेक्षा वीस-पंचवीस पटींनी जास्त वेगाने वाहतं ते. त्यासाठीच तर एवढा महाग बंब तांब्याचा करायचा. आणि त्याच्या आणि जाळाच्या मधे आपण गोधडी लावून ठेवायची. अरे, मग तांबं कशाला घेतलंत?

प्रश्नपेटीला मी एक हिशोब घातला. बंबात वीस लिटर पाणी आहे. ते २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायचं. जळणातली सगळीच्या सगळी उष्णता पाण्यात गेली, तर किती कोरडं लाकूड लागेल? तिने अंदाज केला, तीन किलो. मामा म्हणाले, दोन. कागदावर मांडून उत्तर निघालं: पाव किलोपेक्षाही कमी! मामा प्रत्यक्षात दीड-दोन किलो ढलप्या घालतात. बाकीची उष्णता कुठे जाते? थोडी नळीतून आकाशात, थोडी टाकीच्या बाहेरच्या अंगाने हवेत, थोडी धूर बनून पळालेली, आणि लाकूड ओलं असेल तर त्यातलं पाणी उकळवण्यात. नुकतं तोडलेलं लाकूड तोलून बघा, त्यातलं जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. ते घातलं की बंब आधी लाकडातलं पाणी तापवतो, मग तुमचं. शिवाय जाळ गार राहतो, म्हणून काजळी जास्त, तीही डांबरासारखी चिकट. मामी बाभळीचं जळण दोन उन्हाळे वाळू देतात ते उगीच नाही.

थंड देशांत घर तापवायला भिंतीत लोखंडी शेगडी बसवतात, आणि तिचा धूर छतापर्यंत लांबलचक धुराड्यातून नेतात. तिथे ही चिकट काजळी फार घातक. साठत गेली आणि एखाद्या दिवशी जाळ वरपर्यंत पोचला, तर धुराडंच पेटतं. म्हणून तिथे दरवर्षी धुराडं झाडून घ्यायचा रिवाज आहे. पूर्वी इंग्लंडमध्ये हे काम कोणाला करायला लावत, माहीत आहे? लहान मुलांना. तुमच्याएवढ्या, तुमच्याहूनही लहान. धुराडी अरुंद, म्हणून अंगाने बारीक पोरं आत चढवायची. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या डॉक्टरने लिहून ठेवलं की धुराडी झाडणाऱ्यांना काजळीमुळे कातडीचा कॅन्सर होतो. तरी मुलं चढतच राहिली. १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून गेला, तेव्हा कुठे कडक कायदा होऊन हा प्रकार थांबला. पॉटने सांगितल्यावर बरोबर शंभर वर्षांनी! मोठी माणसं कधी कधी फारच हळू शिकतात.

म्हणून आमच्या बंबाची नळी झाडताना दोन्ही पोरं चार हात लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला बसली होती. मामांनी नाका-तोंडाला उपरणं बांधलं. लांब काठीला काथ्याचा मोठा बोळा घट्ट बांधला, आणि वरून खाली, वरून खाली. लोखंडी सळई मामी हातात घेऊ देईनात. तांबं मऊ, ओरखडे पडतात, पोचे येतात. खाली ओलं गोणपाट अंथरलं होतं, त्यावर काजळी पडत राहिली. ओलं का? कोरड्यावर पडली असती तर वाऱ्याने उडून वाळत घातलेल्या दिवाळीच्या कपड्यांवर गेली असती. हा अनुभव या घरात एकदा घेऊन झालेला आहे. मामी अजून तो विषय काढतात.

मग आत टाकीत डोकावलो. तिथेही एक अस्तर, पण पांढरं! बोअरचं पाणी जड, त्यात विरघळलेला चुना. पाणी तापलं की हा चुना विरघळलेला राहू शकत नाही, खपली होऊन तांब्यावर बसतो. म्हणजे नळीला आतून काळी गोधडी आणि बाहेरून पांढरी चादर, असा दुहेरी बंदोबस्त. त्यावर औषध म्हणजे चिंचेचं आंबट पाणी रात्रभर भरून ठेवायचं. चिंचेतलं आम्ल चुना खातं, बारीक बारीक बुडबुडे येतात. बाहेरून तांब्यावर जी काळपट साय धरते तीसुद्धा चिंच आणि मिठाने विरघळते. एखादं जुनं तांब्याचं नाणं चिंचेच्या कोळात अर्धं बुडवून ठेवून बघा. अर्धं नाणं नवं होतं.

बाहेरचं तांबं उजळलं तसे त्यावरचे गोल गोल ठोके चमकायला लागले. प्रश्नपेटीला वाटलं, नक्षी आहे. नक्षी आहेच, पण कामाची. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथले कारागीर हातोडीने ठोकून ठोकून असे खळगे उठवतात. त्याला मठारकाम म्हणतात. ठोकल्याने तांब्याचा पातळ पत्रा कडक होतो, सहज पोचत नाही.

राहिली राख. मामा ती सरळ उकिरड्यावर टाकायला निघाले होते. मामींनी हाक मारून थांबवलं. उकिरड्याशेजारी पाचटाचा ढीग. राखेत एक निखारा लपलेला निघाला असता तर पाचट, गोठा आणि पलीकडचा ऊस, सगळ्याची दिवाळी झाली असती. राख आधी पत्र्याच्या घमेल्यात, जमिनीवर, वर झाकण. दुसऱ्या दिवशी पाणी मारून मग हलवायची. शेतात टाकायची म्हणाल तर आमच्याकडे जपून. कालव्याचं पाणी वर्षानुवर्षं जास्त पाजून इथल्या काही जमिनी चोपण झाल्यात, त्यांत आधीच खार जास्त, आणि राखही खारच. मामी थोडी राख चाळून भांड्यांना ठेवतात. राखेतला खार तेलकटपणा सोडवतो आणि तिचे बारीक कण घासायचं काम करतात. उसाच्या पाचटाची राख तर त्यात जास्तच कडक, कारण उसाच्या पानात सिलिका असते. वाळूत असते तीच. उसात शिरल्यावर हाता-तोंडाला बारीक काप बसतात ना, त्या पानाच्या कडेच्या करवतीतसुद्धा हीच सिलिका.

पाचटावरून आठवलं. पाचट बंबात घातलं तर भसकन पेटतं आणि भसकन संपतं, धूर मात्र ढीगभर. शेतकरी ते शेतातच पेटवून देतात, तेही वाईट. आनंद कर्वे या शास्त्रज्ञांनी पुण्यात आरती नावाची संस्था काढली, समुचित ग्रामीण तंत्रज्ञानासाठी. त्यांच्या मंडळींनी पाचट बंद पिंपात, हवा न देता, तापवलं. धुराचे वायू आधीच निघून गेले, मागे कोळसा उरला. त्याची भुकटी करून वड्या पाडल्या. ज्यातला धूर आधीच काढून घेतलाय ते जळण जळताना धूर कुठून देणार? या कामासाठी संस्थेला २००२ साली ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. उसाचं पाचट परदेशात जाऊन बक्षीस घेऊन आलं, म्हणा.

आणि हे सगळं मोठ्या प्रमाणावर बघायचं तर भवानीनगरच्या साखर कारखान्याचं धुराडं दिसतंच. कारखान्याचा बॉयलर म्हणजे महाबंब! फक्त तिथे उलटं असतं, पाणी नळ्यांच्या आत आणि जाळ बाहेर. जळण म्हणजे बगॅस, उसाचा रस काढून उरलेलं चिपाड. काजळी आणि राख तिथेही नळ्यांना बसतेच, मग वाफेचे फवारे मारून ती झाडतात. हंगाम संपला की सगळं उघडून साफसफाई, दुरुस्ती. आणि मग दसऱ्याच्या आसपास बॉयलर पुन्हा पेटवायचा तो पूजा करून, नारळ फोडून. त्याला केवढं भारदस्त नाव, 'अग्निप्रदीपन समारंभ'! वर्तमानपत्रात फोटो येतो. जवळच्या वालचंदनगरला तर असले बॉयलर आणि साखर कारखान्यांची यंत्रंच तयार होत आली आहेत.

आमचंही अग्निप्रदीपन भाऊबिजेच्या पहाटे झालं. आधी टाकीत पाणी भरलं, मग काडी. हा क्रम कधीही चुकवायचा नाही. पाणी असेपर्यंत तांबं पाण्यापेक्षा फार गरम होऊ शकत नाही, कारण उष्णता पाणी घेऊन जातं. टाकी कोरडी असली तर सांध्यांची झाळ वितळून बंब गळका होतो. झाळकामात कथिल असतं आणि ते २३२ अंशांनाच वितळतं, लाकडाचा जाळ त्याच्या कितीतरी वर.

मामांनी काडी लावली. एक मिनिट. दोन मिनिटं. धाकट्याने कान लावला. आणि 'हूऽऽऽ'!

बंब परसातच, उघड्यावर ठेवायचा, हेही सांगून ठेवतो. थंडी वाजते म्हणून काही लोक पेटता बंब न्हाणीघरात घेतात आणि दार लावून घेतात. हवा कमी पडली की विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस बेशुद्ध होईपर्यंत कळतही नाही, आणि जीव जातो. घरात कोणी असं करत असेल तर हे पान त्यांना वाचून दाखवा. लाजू नका.

गोणपाटावर पडलेली ती काजळी टाकून द्यायच्या आधी प्रश्नपेटीने मला एक शेवटचा प्रश्न विचारला. "काका, एवढी काळी वस्तू दुसरी नसेल ना?" मी म्हटलं, थांब. एक स्टीलचा चमचा मेणबत्तीच्या पिवळ्या ज्योतीत धरून मामांनी काळाकुट्ट करून दिला. तो पूर्ण गार होऊ दिला. मग पाण्याच्या पेल्यात बुडवला.

चमचा चांदीचा झाला!

बाहेर काढला, पुन्हा काळा. आणि कोरडा. बुडवला, पुन्हा चांदीचा. काजळीला पाणी चिकटत नाही. बुडवलेल्या चमच्याभोवती हवेचा एक पातळ थर तसाच राहतो. पाण्यातून तिरका येणारा प्रकाश त्या हवेत शिरू शकत नाही, आरशावर पडल्यासारखा परत फिरतो. ती चमक काजळीची नाही, तिने धरून ठेवलेल्या हवेची.

तुमच्या घरी, आजोळी किंवा माळ्यावर एखादा बंब असेल तर त्याच्या नळीत एकदा डोकावून बघा. पण विझलेला असताना, मोठ्यांना विचारून, आणि दिवाळीचा नवा सदरा घालून मुळीच नको.